रोज एक चित्र : विद्यार्थ्याच्या हातातील कॅमेरा आणि डॉक्टरांचा सल्ला

मुलाच्या हातातील मोबाईल काढून घ्यावा की राहू द्यावा, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाला आज ताप-खोकल्याच्या तक्रारीइतक्याच वारंवार विचारला जातो. २०२० साली कोरोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, अभ्यास पडद्यावर आला आणि तोवर वडिलांच्या खिशात असणारे यंत्र मुलांच्या हाती गेले. पुढे शाळा भरल्या. यंत्र मात्र मुलांच्या हातीच राहिले. पालकांची काळजी रास्त आहे. परंतु नुसते 'नको' म्हणून भागत नाही. काय खाऊ नये हे सांगितल्यावर काय खावे हे सांगावेच लागते, अन्यथा पथ्य पाळले जात नाही, हे आपण डॉक्टर मंडळी जाणतो. मोबाईलच्या बाबतीतही तोच नियम लागू आहे.

प्रस्तुत लेखात अशा एका पर्यायाचा विचार करावयाचा आहे. विद्यार्थ्याने वर्षभर दररोज एक छायाचित्र घ्यावे, त्यावर मोबाईलच्या किंवा संगणकाच्या साहाय्याने थोडे चित्रकाम करावे, दिनांक घालून ते जपून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे चित्र करावे, असा हा उपक्रम आहे. बालआरोग्याच्या दृष्टीने त्याचे मोल काय, धोके कोणते आणि मात्रा किती असावी, हे येथे क्रमाने पाहू. मुख्य प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो. या उपक्रमाचे मोल एखाद्या सुंदर चित्रापेक्षा चित्रांच्या मालिकेत अधिक आहे. आणि मालिका वाचण्याची विद्या डॉक्टरांच्या अंगवळणी पडलेली असल्याने या बाबतीत आपण पालकांना व शिक्षकांना नेमके मार्गदर्शन करू शकतो.

कुंडीतील वाटाणा

अशा मालिकेचे मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळक्यांनी १८८५ साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचा व मुद्रणकलेचा अभ्यास केला. चित्रकाराचा हात आणि छायाचित्रकाराची नजर अशी दोन्ही साधने एकाच विद्यार्थ्याजवळ आली. छायाचित्रावर चित्रकाराने संस्कार करावा, हे आजच्या डिजिटल चित्रकलेचे सूत्र त्यांच्या शिक्षणातच होते.

चित्रपट काढण्याचा ध्यास घेतलेल्या फाळक्यांना भांडवलाची गरज होती आणि या नव्या धंद्यावर विश्वास ठेवण्यास फारसे कोणी तयार नव्हते. १९१२ च्या सुमारास त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाच्या वाढीचे चित्रण केले. त्यातून मिनिटभराहून थोडा मोठा पट सिद्ध झाला. बी रुजते, अंकुर फुटतो, वेल वर चढते, एवढीच त्याची कथा. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा हा पट त्यांनी निवडक मंडळींना दाखविला आणि यशवंतराव नाडकर्णी आदींनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

थोडा हिशेब करू. मूकपटाचा वेग सेकंदाला सुमारे सोळा चौकटी धरला, तर मिनिटभराच्या पटाला साडेनऊशेहून अधिक चौकटी लागतात. यांतील कोणतीही एक चौकट उचलून धनिकासमोर ठेवली असती, तर त्याला कुंडीतले एक रोप दिसले असते. कर्ज देण्याजोगे त्यात काही दिसले नसते. चौकटी एकापुढे एक आल्या तेव्हा जे डोळ्यांना कधीच दिसत नाही ते दिसले, म्हणजे वाढ.

एक वजन आणि वजनांची रेषा

हाच विचार बालरोगशास्त्राच्या पायाशी आहे. बारा महिन्यांच्या मुलाचे वजन साडेआठ किलो भरले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या प्रमाण-तक्त्यानुसार ते सामान्य मर्यादेत बसते. आई समाधानाने घरी जाते. परंतु हेच वजन नवव्या महिन्यातही साडेआठ किलोच होते असे कळले, तर चित्र पालटते. तीन महिने रेषा सपाट राहिली आहे. कारण शोधलेच पाहिजे. एका आकड्याने जे लपविले ते दोन आकड्यांनी उघड केले. म्हणून अंगणवाडीतील वाढीचा तक्ता हा आपल्या देशातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त वैद्यकीय दस्तऐवजांपैकी एक आहे.

या तक्त्याचे मूळही एका घरगुती उपक्रमात आहे. फ्रान्समधील फिलिबेर ग्वेनो द मोंबेयार या गृहस्थाने १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत साधारणपणे दर सहा महिन्यांनी मोजून नोंदविली. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ती नोंद आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केली. पौगंडावस्थेत उंची एकाएकी वेग घेते हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसते, आणि आजही वाढीच्या अभ्यासात या नोंदीचा दाखला दिला जातो. त्या पित्याजवळ कोणतेही असामान्य उपकरण नव्हते. त्याने नेम धरला आणि अठरा वर्षे मोडला नाही.

रोज एक चित्र करणारा विद्यार्थी स्वतःच्या परिसराचा असाच तक्ता भरीत असतो. हे त्याला समजावून सांगणे महत्त्वाचे आहे, कारण आजचे चित्र साधे उतरले म्हणून निराश होण्याचे कारण मग उरत नाही.

एका विद्यार्थ्याची अठरा वर्षे

जेमी लिव्हिंगस्टन हा तरुण अमेरिकेतील बार्ड महाविद्यालयात शिकत असताना ३१ मार्च १९७९ रोजी पोलरॉईड कॅमेऱ्याने रोज एक छायाचित्र घेऊ लागला. दिवसाला एकच चित्र, हा त्याने स्वतःवर घातलेला नियम. जेवणाचे ताट, रस्ता, मित्र, खिडकी, जे त्या दिवसाचे वाटेल ते. पुढे त्याला कर्करोगाने गाठले. उपचारांचे दिवस मालिकेत आले, रुग्णालय आले, मृत्यूच्या थोडे आधी झालेला विवाहही आला. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या ४१ व्या वाढदिवशी, तो मेंदूतील गाठीने निधन पावला. मालिका त्याच दिवशी थांबली. सहा हजारांहून अधिक छायाचित्रे मागे राहिली आणि २००७ साली मित्रांनी त्याच महाविद्यालयात त्यांचे प्रदर्शन मांडले.

डॉक्टर वाचकांनी या मालिकेकडे क्षणभर आपल्या दृष्टीने पाहावे. रुग्णाच्या फाईलमध्ये आजाराची सुरुवात पहिल्या तपासणीच्या तारखेने होते. लिव्हिंगस्टनच्या मालिकेत आजाराआधीचा माणूसही आहे: हसणारा, जेवणारा, मित्रांत रमणारा. आजार हा त्या आयुष्याचा एक भाग म्हणून दिसतो, सारे आयुष्य म्हणून नव्हे. दीर्घ आजाराची मुले, मग तो मधुमेह असो, सिकलसेल असो वा अपस्मार, आपणही पुष्कळदा केवळ त्यांच्या अहवालांतून ओळखतो. अशा मुलाने आपल्या दिवसांची चित्रे आपल्यापुढे ठेवली, तर उपचार कोणावर करावयाचा आहे याची आपल्याला आठवण राहील.

चित्र आणि किंमत

छायाचित्रापेक्षा संगणकीय चित्रकलेकडे झुकलेले उदाहरण माइक विंकलमन यांचे आहे. 'बीपल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कलावंताचे शिक्षण संगणकशास्त्राचे. १ मे २००७ पासून त्यांनी दररोज एक चित्र पूर्ण करण्याचा नेम धरला. आरंभीची चित्रे हाताने काढलेली साधी रेखाटने होती; पुढे ते संगणकावर त्रिमित चित्रे रचू लागले. पहिल्या ५,००० दिवसांची चित्रे एकत्र जोडलेली कृती मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली गेली.

हा आकडा मुलांना सांगताना काळजी घ्यावी. त्यातून 'चित्रे काढा आणि श्रीमंत व्हा' असा अर्थ निघाला, तर सल्ल्याचा हेतूच बिघडेल. घेण्यासारखा धडा निराळा आहे. पहिल्या वर्षाची ओबडधोबड चित्रे त्यांनी फेकून दिली नाहीत. ती त्याच ओळीत राहिली, म्हणून प्रगती मोजता आली.

येथे आजच्या काळाचा एक प्रश्न उभा राहतो. चार शब्द लिहिले की यंत्रच क्षणात चित्र करून देते. मग मुलाने रोज घाम का गाळावा? यंत्र वाटाण्याचे सुंदर रोप काढून देईल, परंतु आपल्या कुंडीतील वाटाणा कालपेक्षा आज किती वाढला हे त्याला ठाऊक नाही. ते पाहण्यासाठी कोणीतरी कुंडीपर्यंत चालत जावे लागते. बालरोगतज्ज्ञाला त्या चालत जाण्यात आणि थांबून पाहण्यात रस आहे. म्हणून या उपक्रमात यंत्राने रचलेली चित्रे नसावीत, असा नियम प्रथमपासून ठेवावा.

अभ्यास काय सांगतात

छायाचित्र घेतल्याने स्मरण वाढते की घटते? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालयात फिरविले. काही वस्तू नुसत्या पाहावयास व काही वस्तूंची छायाचित्रे घ्यावयास सांगितले. छायाचित्र घेतलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. जणू कॅमेऱ्याने पाहिले म्हणून मनाने पाहण्याचे सोडून दिले. मात्र वस्तूचा एखादा बारकावा जवळून टिपावयास सांगितला, तेव्हा ही हानी झाली नाही. या निष्कर्षात आपल्या उपक्रमाची दिशा मिळते. सहलीत दोनशे छायाचित्रे काढणारे मूल कदाचित काहीच पाहत नाही. दिवसाला एकच चित्र घेणारे आणि ते जवळून घेणारे मूल पाहावयास शिकते. त्यावर रेषा काढावी लागली तर पान कोठे वळते, सावली कोठे पडते, हे त्याला पुन्हा एकदा पाहावेच लागते.

दुसरा प्रश्न सातत्याचा. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या, २०१० साली छापील स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागले. व्यक्तिपरत्वे हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही, ही त्यातील नोंद पालकांनी लक्षात ठेवावी. मुलाला ताप आला, परीक्षा आली, घरी लग्न निघाले आणि दोन दिवस चित्र झाले नाही, तर ती जागा तारखेसह कोरी सोडावी. मागाहून भरू नये. वाढीच्या तक्त्यात न घेतलेले वजन आपण अंदाजाने लिहीत नाही. तेथे जो प्रामाणिकपणा पाळतो तोच येथे पाळावा.

रोज एक छायाचित्र घेणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास इंग्लंडमधील लिझ ब्रूस्टर व अँड्र्यू कॉक्स यांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. या नेमामुळे स्वतःकडे लक्ष देण्यास कारण मिळते, इतरांशी संबंध जुळतात आणि मागे वळून पाहण्याची सोय होते, असे सहभागी व्यक्तींनी सांगितले. अभ्यास लहान होता. त्यावरून औषधासारखा दावा करता येणार नाही. तथापि घराबाहेर पडावयास निमित्त मिळणे एवढाही लाभ वाढत्या वयात थोडा नाही.

मात्रा आणि पथ्ये

डोळ्यांच्या बाबतीत पुन्हा फाळक्यांकडे वळावे लागते. चित्रपटविद्येच्या अभ्यासकाळात सतत चित्रपट पाहणे, प्रयोग आणि अपुरी झोप यांमुळे त्यांची दृष्टी गेली होती, डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांचे उपचार व चष्मे यांच्या साहाय्याने ती परत आली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. भारतीय चित्रपटाच्या जनकालाही ध्यासाची ही किंमत मोजावी लागली, ही गोष्ट पडद्यात हरवलेल्या मुलांना अवश्य सांगावी.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना कोणताही पडदा दाखवू नये, दोन ते पाच वर्षांपर्यंत देखरेखीखाली कमाल एक तास आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दिवसाला दोन तासांहून कमी अशी मर्यादा असावी. किशोरवयात पडद्याने झोप, मैदानी खेळ, अभ्यास आणि घरातील संवाद यांची जागा घेऊ नये, हे सूत्र सांगितले आहे. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक वेळ घराबाहेर ठेवले असता तीन वर्षांत लघुदृष्टिदोष नव्याने जडण्याचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या मुलांत ते ३९.५ टक्के होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ आपल्या उपक्रमाला सोयीचा आहे. चित्राचा विषय घराबाहेर असेल, तर कॅमेराच मुलाला उजेडात घेऊन जाईल.

या आधारे माझा सल्ला असा आहे.

१. उपक्रम साधारण दहाव्या वर्षानंतर सुरू करावा. त्याआधी कागद, खडू आणि माती पुरेशी आहे.

२. छायाचित्र दिवसाउजेडी, घराबाहेर आणि शक्यतो चालत जाऊन घ्यावे. पाहण्यास हवा तेवढा वेळ द्यावा. कॅमेऱ्याचे बटन एकदा, फार तर तीनदा दाबावे.

३. पडद्यावरील चित्रकामाला वीस मिनिटांची मर्यादा असावी. चित्र अपुरे वाटले तरी वीस मिनिटांनी थांबावे. उद्या दुसरे आहे.

४. झोपेच्या तासभर आधी पडदा बंद व्हावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे.

५. मूळ छायाचित्र आणि संस्कारित चित्र अशा दोन्ही प्रती ठेवाव्यात. काय बदलले हे एका ओळीत लिहावे. 'आकाशाचा रंग मी गडद केला', एवढे लिहिले तरी खरे आणि रचलेले यांतील भेद मूल विसरत नाही.

६. महिनाअखेर तीस चित्रे घरच्यांसमवेत एकत्र पाहावीत. हे न केल्यास मालिका केवळ साठा होऊन राहते.

यासाठी महाग साधने लागत नाहीत. मोबाईलमध्ये मुळातच चित्र कापणे, उजेड कमी-अधिक करणे आणि बोटाने रेषा काढणे यांची सोय असते. शाळेत संगणक असल्यास क्रिटा आणि गिंप ही मोफत साधने उपलब्ध आहेत. त्यांत एकावर एक थर ठेवून काम करता येते. ज्या घरात एकच मोबाईल आहे तेथे तो पुष्कळदा मुलाच्या हाती जातो आणि मुलीची पाळी येत नाही. दिवसाला एक छायाचित्र आणि वीस मिनिटे एवढीच मागणी असल्याने मुलीच्या वाट्याचा वेळ ठरवून देणे या उपक्रमात सहज शक्य आहे. पालकांनी तो लेखी ठरवावा.

बेला परिसरातील एक वर्ष

आपले बेला मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेच्या दक्षिणेस आहे, नदीपलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि आसपासच्या वस्त्यांत गोंडी व कोलामी ऐकू येते. येथे चित्राला विषय नाही असे कोणी म्हणू नये. समजा, नववीतील एखादी विद्यार्थिनी जूनमध्ये आरंभ करते. मृगाच्या सरींनंतर कपाशीची लागवड होते. तिने शेताच्या कडेचे एकच झाड निवडावे आणि त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून रोज टिपावे. पाते लागेल, फूल येईल. कपाशीचे फूल उमलते त्या दिवशी फिकट पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. पिढ्यान्‌पिढ्या कपाशी पिकविणाऱ्या घरातील मुलांनीही हा रंगबदल प्रत्येक वेळी निरखलेला असतोच असे नाही. रोजच्या चित्रात तो चुकत नाही. पुढे बोंड, मग फुटलेला कापूस, मग वेचणी, मग उभ्या पऱ्हाटी.

चित्रकामाची जोड येथे द्यावी. आजच्या छायाचित्रावर कालच्या झाडाची बाह्यरेषा बोटाने काढावी. दोन रेषांतील अंतर ही एका दिवसाची वाढ. फाळक्यांनी शेकडो चौकटींनी जे दाखविले ते या दोन रेषा कागदावर दाखवतात, आणि आपला वाढीचा तक्ताही याहून निराळे काही करीत नाही.

शेतात जाणे शक्य नसेल त्या विद्यार्थ्याने शाळेच्या अंगणातील खांबाची दुपारची सावली वर्षभर टिपावी. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि सावली खांबाच्या पायाशी नाहीशी होते. जुलैत ढग असतील. मे महिना सहसा दगा देत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांचे रंग, हिवाळ्यात पहाटेची शेकोटी, फाल्गुनात पळस, उन्हाळ्यात आटत गेलेले पात्र असे विषय ऋतूच पुरवितो. नदीकाठी मात्र मोठ्या माणसाविना जाऊ नये.

या जिल्ह्याची छायाचित्रे पूर्वी काढली गेली नाहीत असे नाही. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून अभ्यास केला, १९४८ साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढील दशकांतही ते येथे परत येत राहिले. त्यांची छायाचित्रे आज लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात आहेत. त्या कार्याविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट ध्यानात येते. तेव्हा कॅमेरा बाहेरून आलेल्या माणसाच्या हाती होता आणि येथील माणूस त्यासमोर उभा होता. आज येथील शाळकरी मुलगी स्वतः कॅमेऱ्यामागे उभी राहू शकते. आपले गाव कसे दिसते हे ठरविण्याचा अधिकार तिच्या हाती प्रथमच आला आहे. तो नाचगाण्यांच्या चित्रफिती वर सरकविण्यात संपून जाऊ नये.

संमती आणि सुरक्षितता

कॅमेरा हाती आला की दुसऱ्याचा चेहराही हाती येतो. रुग्णाचे छायाचित्र घेण्यापूर्वी आपण संमती घेतो. मुलांनाही तीच शिस्त लावावी. विचारल्याविना कोणाचा चेहरा टिपू नये, आणि घेतल्यास एक छापील प्रत त्या व्यक्तीला द्यावी. स्नान, आजारपण, दुःख, भांडण हे विषय वर्ज्य समजावेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते व तिच्या माहितीच्या वापरास पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे. छायाचित्रासोबत पुष्कळदा ते घेतल्याच्या ठिकाणाची नोंदही आपोआप साठविली जाते. कॅमेऱ्यातील ती सोय आरंभीच बंद करावी. शाळेचे नाव, घराचा क्रमांक आणि गणवेश दिसेल अशी चित्रे सार्वजनिक करू नयेत. किंबहुना पहिले वर्षभर मालिका घरात व शाळेतच राहावी. किती जणांनी चित्र पसंत केले हे मोजण्याची सवय लागली, की मूल झाडाकडे पाहणे सोडून संख्येकडे पाहू लागते.

डॉक्टरांनी काय करावे

चित्रांवरून निदान करण्याचा मोह टाळावा. काळे आकाश काढणारे प्रत्येक मूल खिन्न नसते. कदाचित त्या दिवशी पाऊस असतो. परंतु मालिकेचा कल बदलला, माणसे चित्रांतून नाहीशी झाली, आणि त्याच सुमारास झोप, भूक किंवा अभ्यास यांतही फरक पडला, तर बोलण्यास निमित्त मिळाले असे समजावे. 'तुला काय त्रास आहे?' या प्रश्नाला किशोरवयीन मुलगा सहसा 'काही नाही' असे उत्तर देतो. 'हे चित्र कोणत्या दिवसाचे?' या प्रश्नावर तो बोलू लागण्याची शक्यता अधिक. आवश्यक वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत शासकीय सेवा आणि मुलांसाठीची १०९८ ही सेवा पालकांना माहीत करून द्यावी.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात मोबाईलची तक्रार घेऊन आलेल्या पालकाला औषधाच्या चिठ्ठीवरच चार ओळी लिहून द्याव्यात, अशी माझी सहकाऱ्यांना विनंती आहे : रोज एक छायाचित्र, घराबाहेर, वीस मिनिटे चित्रकाम, दिनांक घालणे, महिनाअखेर घरच्यांसह पाहणे. पुढील भेट एका महिन्याने, तीस चित्रांसह. त्या भेटीत वजन आणि उंची घेतल्यावर पाच मिनिटे त्या चित्रांसाठी काढावीत, आणि कपाशीच्या झाडावरील कालची रेषा व आजची रेषा यांत अंतर किती पडले, हे त्या मुलीलाच सांगू द्यावे.